हात की यंत्र? मिरजेचा तंबोरा, जपानी गिटार आणि आपला बेंजो

१/
गणपतीच्या दिवसांत चिपळूणपासून मुंबईपर्यंत मिरवणुकीत जे वाद्य लांबूनच ओळखू येते, त्याला आपण ‘बेंजो’ म्हणतो. हे वाद्य मूळचे जपानी आहे. त्याच्या कळा टंकलेखन यंत्रावरून सुचलेल्या आहेत. आपल्याकडे ते लहान लहान दुकानांत, कारागिराच्या हाताखालून तयार होते. तरीही ‘हस्तकला’ हा शब्द उच्चारताना बेंजो कोणाच्याही मनात येत नाही. असे का, याविषयी आजचा धागा. माझे मत आरंभीच सांगते: ‘हाताने घडवलेले की यंत्राने बनवलेले’ हा प्रश्न आपण चुकीच्या ठिकाणी विचारतो आणि त्यामुळे काही कारागीर इतिहासातून गळून पडतात.

२/
आधी बेंजोचे कूळ पाहू. १९१२ साली जपानमध्ये मेइजी सम्राटाचे निधन झाले आणि तैशो कालखंड सुरू झाला. त्याच वर्षी नागोया शहरात मोरिता गोरो यांनी एक नवे वाद्य तयार केले. जुन्या दोन तारांच्या जपानी वाद्याचा सांगाडा आणि पाश्चात्त्य टंकलेखन यंत्राच्या कळा यांची त्यांनी सांगड घातली. कळ दाबली की तिच्या खालची पट्टी तारेवर टेकते, तार पडद्यावर दाबली जाते आणि दुसऱ्या हातातील नखीने ती छेडायची. नाव पडले ‘तैशोगोतो’, म्हणजे तैशो काळाची कोतो.

३/
या रचनेचा मोठा गुण असा की स्वरस्थान शोधण्यासाठी वर्षानुवर्षे बोट घासावे लागत नाही. स्वर कुठे आहे हे कळ सांगते. हे वाद्य जपानबाहेर पसरले. भारतीय उपखंडात ते ‘बुलबुलतरंग’ झाले, काही ठिकाणी ‘जपान बँजो’ झाले. बलुचिस्तानात त्याचा लांबलचक ‘बेंजू’ झाला आणि तेथील लोकसंगीतात तो मुरला. आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या गोल चामडी पोटाच्या बँजोशी याचे नाते नावापुरतेच.

४/
मुंबई आणि कोकण यांच्यात ये-जा करणाऱ्या चाकरमान्यांच्या उत्सवांत या वाद्याने आणखी एक वळण घेतले. तारांखाली पिकअप बसला, त्यातून निघालेली वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली गेली आणि घरात बसून वाजवायचे नाजूक वाद्य ढोल-ताशाच्या बरोबरीने रस्त्यावर उतरले. २०१६ साली रवी जाधव यांचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वाद्यावर आणि ते वाजवणाऱ्या पोरांवर आला.

५/
पिकअप म्हणजे काय, हेही पाहून घेऊ. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. इलेक्ट्रिक गिटारचे तत्त्व नेमके हेच. त्या अर्थाने आपला बेंजो इलेक्ट्रिक गिटारचा चुलतभाऊ आहे. म्हणूनच ‘हात की यंत्र’ हा वाद जिथे सर्वाधिक हिरिरीने घातला जातो, त्या जपानी गिटारच्या इतिहासाकडे आधी जाऊ.

६/
कथा सुरू होते ती गिटारने नव्हे, व्हायोलिनने. सुझुकी मासाकिची यांचा जन्म १८५९ साली नागोयात झाला. वडील कनिष्ठ दर्जाचे सामुराई. जोडधंदा म्हणून ते शामिसेन हे तंतुवाद्य बनवत. सामुराईंची राज्यव्यवस्था कोसळली आणि जोडधंदा हाच धंदा झाला. १८८७ च्या सुमारास मासाकिचींनी व्हायोलिन पाहिले आणि ते बनवायला घेतले. १९०० च्या सुमारास त्यांनी व्हायोलिनच्या माथ्यावरची वेलांटी कोरणारे यंत्र रचले. पहिल्या महायुद्धात जर्मन वाद्यांचा पुरवठा थांबला, तेव्हा त्यांच्या कारखान्यात हजारावर कामगार राबत होते. ‘सुझुकी पद्धती’चे संगीतशिक्षक शिनिची सुझुकी हे त्यांचेच चिरंजीव.

७/
आता दुसरे शहर: नागानो प्रांतातील मात्सुमोतो. चहूबाजूंनी डोंगर, कोरडी हवा, लाकूडकामाची जुनी सवय. तिथल्या मात्सुमोकू या कंपनीचे दुसऱ्या महायुद्धानंतरचे मुख्य काम होते सिंगर शिवणयंत्रांसाठी लाकडी पेट्या आणि टेबले बनवण्याचे. पुढे त्याच हातांनी, त्याच यंत्रांवर गिटारी बनू लागल्या. १९६० साली त्याच शहरात फुजिगेन ही कंपनी स्थापन झाली. शिवणयंत्राचे टेबल आणि गिटारचे अंग यांत लाकूड कापणाऱ्याच्या दृष्टीने फार अंतर नव्हते. अंतर होते ते पुढच्या टप्प्यात.

८/
नागोयाची होशिनो ही पेढी १९०८ पासूनची. तिने १९२९ च्या सुमारास स्पेनमधील साल्वादोर इबान्येथ या कारागिराच्या गिटारी आयात केल्या आणि पुढे त्याचेच नाव आपल्या मालावर लावले. तोच आजचा ‘आयबानेझ’ हा ब्रँड. यातील विरोधाभास लक्षात घ्या: कारखान्यात बनलेल्या गिटारला विकले जाण्यासाठी एका हातकारागिराचे नाव लागले. कारागिराची प्रतिष्ठा ही बाजारात वापरता येणारी वस्तू आहे, हे या पेढीने तेव्हाच ओळखले होते.

९/
१९७० च्या दशकात जपानी कंपन्या अमेरिकी गिटारींच्या हुबेहूब प्रती बनवत. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने होशिनोच्या अमेरिकी वितरकावर गिटारच्या माथ्याच्या आकारावरून दावा ठोकला; प्रकरण तडजोडीने मिटले. त्याच काळात फेंडरच्या अमेरिकेत बनलेल्या गिटारींविषयी वादकांच्या तक्रारी वाढत होत्या. १९८२ साली फेंडर जपान स्थापन झाली आणि त्या गिटारी फुजिगेनने बनवल्या. कालपर्यंत ‘नक्कल’ म्हणून हिणवला गेलेला माल असा थेट मूळ कंपनीच्या नावाने विकला जाऊ लागला. त्या सुरुवातीच्या वर्षांतील जपानी फेंडर आज संग्राहक शोधत फिरतात.

१०/
मग या गिटारी ‘हाताने’ बनल्या होत्या का? काही शौकीन तसे सांगतात, पण ते अर्धसत्य आहे. लाकडाचा ओबड आकार यंत्राने कापला जाई, खाचा यंत्राने पडत, भोके यंत्राने पडत. हात कुठे होता? मानेचा शेवटचा गोलवा बोटांनी चाचपण्यात. पडद्यांची टोके घासून समतल करण्यात. रंगाच्या थरांमध्ये किती घासायचे, कधी थांबायचे हे ठरवण्यात. आणि शेवटी तारा चढवून, वाजवून, ‘ही जाऊ द्या’ किंवा ‘ही थांबवा’ असे म्हणण्यात.

११/
माझ्या मते सारा मुद्दा या शेवटच्या वाक्यात आहे. अमेरिकेतील कारखान्यातही हात होते आणि यंत्रेही होती. फरक हाताच्या उपस्थितीचा नव्हता. फरक होता तो कोणत्या हाताला थांबण्याची मुभा होती याचा. ज्या कामगाराला सदोष नग बाजूला काढता येतो, तो यंत्रापुढे उभा असला तरी कारागीर आहे. ज्याला दिवसाची संख्या भरायची म्हणून सारे काही पुढे ढकलावे लागते, तो पटाशी हातात धरून बसला असला तरी यंत्राचाच भाग आहे.

१२/
आता घरी येऊ. मी पोफळीची. आमच्या गावाला महाराष्ट्र ओळखतो तो विजेमुळे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून इथल्या भूमिगत वीजगृहात उतरते. १९६२ साली इथे वीजनिर्मिती सुरू झाली. पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता आज ६०० मेगावॅट आहे. निसर्गक्रमाने हे पाणी कराडला कृष्णेस मिळून सांगली-मिरजेच्या बाजूने गेले असते. माणसाने ते पश्चिमेकडे वळवले. घाटाखाली त्याची वीज होते, आणि अशाच विजेवर बेंजोचा अ‍ॅम्प्लिफायर चालतो.

१३/
तेच पाणी जिकडे जायचे होते तिकडे, कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे गेलो की मिरज लागते. तंबोरा आणि सतार यांचे महाराष्ट्रातील माहेर. तिथल्या वाद्यनिर्मितीचा आरंभ १८५० च्या सुमारास मानला जातो आणि त्याचे श्रेय दिले जाते फरीदसाहेब सतारमेकर यांना. हे घराणे शिकलगारांचे. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे हे त्यांचे पिढीजात काम. संस्थानांची सैन्ये आटली, शस्त्रांची मागणी गेली आणि हे हात तारांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि गवई व कारागीर एकाच गावात नांदू लागले.

१४/
हे साम्य थांबून पाहण्यासारखे आहे. नागोयात सामुराईचे घर शामिसेनकडे आणि तिथून व्हायोलिनकडे वळते. मिरजेत शिकलगाराचे घर सतारीकडे वळते. दोन्हीकडे युद्धावर पोसलेले कसब युद्ध संपल्यावर संगीतात शिरते. ‘परंपरा’ म्हणून आज आपण ज्याला हात जोडतो, ती त्या काळी नव्या परिस्थितीत पोट भरण्यासाठी केलेली धडपड होती. फरीदसाहेब त्यांच्या काळी परंपरा जपत नव्हते, ते नवा धंदा शोधत होते.

१५/
तंबोरा कसा घडतो? पंढरपूर भागातील भोपळा वाळवून, कापून, आतून साफ करून घेतात. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली, वर दांडी, खुंट्या. सारे जुळवून, रोगण देऊन झाले तरी वाद्य मुके असते. ते बोलके होते घोडीवर. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अत्यंत मंद उतार असतो. तार त्या उतारावर घासत, टेकत, सुटत कंप पावते आणि स्वरासोबत त्याचे उपस्वर उमलतात. ही ‘जवारी’. तारेखाली योग्य जागी सरकवायच्या सुती धाग्याला आपल्याकडे ‘जीव’ म्हणतात; यापेक्षा नेमके नाव सापडणे अवघड.

१६/
सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोड्यांवर शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडली जाते त्या जागेमुळे काही उपस्वर उमटू नयेत असा युरोपीय शास्त्राचा नियम होता. या घोड्या तो नियम धाब्यावर बसवतात, हे त्यांनी दाखवले. जवारी काढणाऱ्या कारागिराने हा निबंध वाचलेला नव्हता. कानस एकदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची. एक घासणे जास्त झाले तर माथा पुन्हा पहिल्यापासून घडवावा लागतो. इथे मोजपट्टी म्हणजे कान.

१७/
पण म्हणून मिरजेचा तंबोरा ‘यंत्रमुक्त’ आहे का? मुळीच नाही. त्याच्या पोलादी तारेकडे पाहा. शेकडो हात लांब, सर्वत्र एकसारख्या जाडीची, ताण सोसणारी तार ही कारखान्याचीच निर्मिती आहे. लाकूड करवतीच्या गिरणीत चिरले जाते. एका अर्थी मिरजेची कला ही यंत्रयुगाच्या आधीची नसून त्याच्या बरोबरीने वाढलेली आहे. ज्याला आपण शंभर टक्के हाताचे म्हणतो, त्याच्या नेमक्या गाणाऱ्या भागाला यंत्राचा स्पर्श झालेला असतो. त्याने तंबोऱ्याची किंमत काडीनेही कमी होत नाही, कारण जवारीचा निर्णय कोणत्याही यंत्राने घेतलेला नाही.

१८/
आता सर्वांत बळकट आक्षेप. यंत्र पोटावर येते, त्याचे काय? १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आज तर तंबोरा मोबाइलमधील अ‍ॅपमध्ये आहे. रियाजाच्या खोलीतून मिरजेचा भोपळा हळूहळू बाहेर गेला. हे नुकसान खरे आहे आणि ‘काळाचा महिमा’ म्हणून ते झटकून टाकणे मला मान्य नाही. मात्र दुसरी बाजूही लिहायला हवी: ज्या मुलीच्या घरी तंबोरा घेण्याची ऐपत नव्हती, किंवा लोकलमध्ये तो घेऊन चढणे शक्य नव्हते, तिला षड्ज मिळाला तो या डबीमुळेच.

१९/
या ठिकाणी महात्मा गांधींची आठवण होते. यंत्रांचे कट्टर विरोधक अशी त्यांची शालेय प्रतिमा. पण १९२४ साली ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवले. विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे. कसोटी माणूस ही आहे, असा त्यांचा आशय. मात्सुमोतोतील गिटारी ज्या कारखान्यात घडल्या, तो त्याच सिंगरच्या पेट्या बनवत होता, हा निव्वळ योगायोग. पण कसोटी मात्र दोन्हीकडे लागू पडते: यंत्राने माणसाचे कष्ट वाचवले की माणसाचा निर्णय हिरावला?

२०/
यंत्र म्हणून वाद्याला वाळीत टाकण्याचा इतिहास आपल्याकडे ताजा आहे. पेटी, अर्थात हार्मोनियम. परकी, ठरावीक स्वरांची, मींड न घेता येणारी असे आरोप ठेवून १९४० साली आकाशवाणीने तिला हद्दपार केले. बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. मधल्या काळात संगीत नाटक, कीर्तन, गावोगावचे भजन यांपैकी कोणीही पेटी सोडली नाही. आज कोकणातील भजनी बुवाची पेटी ‘परकी’ आहे असे कोणी म्हटले तर त्याला मंडपातून उठवतील. बेंजोवरचा आरोप नेमका तोच आहे: ठरावीक स्वर, परके मूळ, वर विजेचा आवाज.

२१/
२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. दुसऱ्या कुठल्या गावाचा माल मिरजेच्या नावाने खपवणे त्यामुळे कठीण होईल. पण मानांकन गावाचे नाव राखते, कारागिराचे नाही. जवारी कोणी काढली हे वाद्यावर लिहिलेले नसते. मैफलीच्या पत्रिकेवर गायकाचे, साथीदारांचे, प्रायोजकाचे नाव असते. ज्याच्या कानाने तंबोरा बोलका केला तो कोठेच नसतो. मानांकनाने ‘हस्तकला’ वाचेल. हात वाचतीलच असे नाही.

२२/
आणि बेंजो? बेंजो बनवणाऱ्याचे काम पाहा. प्रत्येक कळेची पट्टी तारेवर नेमकी टेकली पाहिजे. किंचित वर राहिली तर स्वर गुरगुरतो, किंचित खाली गेली तर तो चढतो. पडदा केसभर सरकला की अख्खे सप्तक बेसूर. पिकअप तारेच्या फार जवळ आला तर चुंबक तारेला ओढतो, दूर गेला तर आवाज पातळ होतो. मिरवणुकीत चार तास बडवले जाणार, पावसात भिजणार, टेम्पोत आदळणार, हे सारे धरून त्याची बांधणी करावी लागते. इथेही शेवटी कान लावून ‘झाले’ असे म्हणणारा एक माणूस असतो. जवारी काढणाऱ्याहून तो निराळ्या जातकुळीचा नाही.

२३/
मग एकाला वारसा आणि दुसऱ्याला गोंगाट का म्हणायचे? माझे उत्तर काहींना बोचेल. आपण वाद्याची प्रतिष्ठा त्याच्या घडणीवरून ठरवत नाही. ते कुठे वाजते आणि कोण ऐकते यावरून ठरवतो. तंबोरा गालिच्यावर उभा राहतो, बेंजो रस्त्यावर चालतो. गंमत अशी की मिरवणुकांत डीजेच्या भिंती आल्यापासून तीच मंडळी ‘आपला पारंपरिक बेंजोच बरा’ म्हणू लागली आहेत. कालचे यंत्र आजची परंपरा झाले ते असे, कारण त्याहून मोठे यंत्र शेजारी येऊन उभे राहिले. ही रेषा किती सरकती आहे, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

२४/
म्हणून प्रश्न बदलू या. ‘हाताने की यंत्राने’ यापेक्षा तीन प्रश्न विचारू: घडवताना शेवटचा निर्णय कोणाचा होता? चुकीचा नग थांबवण्याचा अधिकार त्याला होता का? त्या निर्णयाचे मोल आणि नाव त्याला मिळाले का? या कसोटीवर फुजिगेनचा पडदे घासणारा कामगार, मिरजेचा जवारी काढणारा आणि बेंजोच्या कळा बसवणारा हे तिघे एका पंक्तीत बसतात. आणि ‘हॅण्डमेड’ अशी चिठ्ठी लावून, नाव न घेता, उक्त्या दराने करवून घेतलेला बराचसा माल त्या पंक्तीतून बाहेर जातो.

२५/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यात काम पडले आहे. सतारमेकर घराण्याची वंशावळ निदान सांगितली तरी जाते. आपल्या तालुक्यात पहिला पिकअप बेंजोला कोणी बसवला, पेटीचे सूर कोण लावून देतो, ताशाचे पान कोण चढवतो, हे कोणत्याही दप्तरात नाही. ते माहीत असलेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. या गणपतीत आपापल्या गावच्या बेंजो पथकाला एवढेच विचारा: हे वाद्य कोणी बनवले, दुरुस्तीला कोणाकडे जाते, तो हे काम कोणाकडून शिकला? नाव, गाव, साल वहीत लिहून ठेवा. त्या माणसाची हरकत नसेल तर त्याचा आवाजही टिपून घ्या. शंभर वर्षांनी कोणी आपल्या काळाचा धागा लिहायला बसेल, तेव्हा त्याला या वह्यांचाच आधार असेल.

२६/२६
माझे म्हणणे न पटणाऱ्यांचे प्रतिसाद मला विशेष हवे आहेत. त्यातही तंतुवाद्ये घडवणाऱ्या किंवा बेंजो वाजवणाऱ्या घरांतील कोणी हा धागा वाचत असेल, तर त्यांनी जरूर लिहावे. तपशिलात भर घालणारा प्रत्येक प्रतिसाद मी या धाग्याला जोडत जाईन.